नवख्याची सायकल, दुसऱ्याची देणगी

दरवर्षी जून महिन्यात लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनवरून हजारो सायकली निघतात आणि ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर कापून ब्रायटनचा समुद्रकिनारा गाठतात. हृदयरोगावरील संशोधनाला पैसा पुरवणारी ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही संस्था त्यातून निधी उभा करते. सायकलस्वार आप्तेष्टांकडून आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांकडून देणग्या गोळा करतात. शाळा सुटल्यापासून ज्याने सायकलला हात लावलेला नाही, त्याने या फंदात पडावं का? माझ्या मते जरूर पडावं, कारण अशा उपक्रमाचा खरा आधार तोच आहे. पण म्हणूनच तयारीची जबाबदारी त्याच्यावर सराईत स्वारापेक्षा अधिक येते.

पहिला आक्षेप सरळ आहे: पैसेच द्यायचे तर ते गुपचूप द्यावेत, घाम कशाला गाळायचा? ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शाफिर या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की आरामाच्या कार्यक्रमापेक्षा धावण्यासारखे कष्ट सोसावे लागणार असतील, तर माणसं सत्कार्याला जास्त द्यायला तयार होतात. हा निष्कर्ष स्वतः कष्ट उचलणाऱ्यांबद्दलचा आहे, हे खरं. पण त्यांच्या परिचितांचंही मन ओळखणं अवघड नाही. सराईताला ८७ किलोमीटर म्हणजे रविवारची रपेट. तिच्यासाठी खिशात हात कोण घालणार? नवख्याला मात्र ते जमेल की नाही याची सगळ्यांनाच शंका असते, आणि त्याच्या धडपडीला देणगी दिली जाते. शिवाय एरवी अशा संस्थेपर्यंत कधी न पोचणारी माणसं त्याच्यामुळे तिच्याशी जोडली जातात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. रस्त्यावरची व्यवस्था, खाणंपिणं, वैद्यकीय मदत यांतच पैसा संपला, तर रुग्णाच्या वाट्याला काय येणार? अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात एड्सग्रस्तांसाठी निघालेल्या मोठ्या सायकलफेऱ्यांवर नेमकी हीच टीका झाली, आणि ती गैरलागू नव्हती. पण हा दोष हिशेबाचा आहे आणि तो टाळता येतो. मॅसॅच्युसेट्समधील पॅन-मास चॅलेंज १९८० मध्ये ३६ स्वार आणि १०,२०० डॉलरपासून सुरू झाली. आज तिथे स्वारांनी गोळा केलेला सगळा पैसा डाना-फार्बर या कर्करोग संस्थेला जातो आणि आयोजनाचा खर्च नावनोंदणी शुल्क व प्रायोजक यांच्यातून भागतो. तेव्हा नाव नोंदवण्याआधी हिशेब विचारणं, हे नवख्याचं पहिलं कर्तव्य.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: कच्च्या माणसाने लांबचा पल्ला घेणं धोक्याचं नाही का? तयारीविना ते धोक्याचंच आहे. लंडन-ब्रायटनच्या वाटेवर डिचलिंग बीकनचा खडा चढ अगदी शेवटी, पाय थकल्यावर येतो. त्यासाठी काही महिने आधीपासून आठवड्यागणिक थोडं थोडं अंतर वाढवावं लागतं. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतपत सीट उंच हवी. वाटेत भूक लागण्याची वाट न पाहता खात राहावं, कारण स्नायूंमधला साखरेचा साठा काही तासांत सरतो. नुसतं पाणीच ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम घटतं. छातीत दुखणं किंवा पटकन धाप लागणं अशी तक्रार असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. हृदयरोगासाठीच्या फेरीत स्वतःचंच हृदय विसरून चालणार नाही.

यातलं काहीच न करता केवळ उत्साहाच्या भरात निघालेला नवखा, ज्या मदतपथकाची गरज दुसऱ्याला लागेल, ते स्वतःभोवती अडकवून ठेवतो. डिचलिंगच्या चढावर सायकलवरून उतरून ती ढकलत नेणारे पुष्कळ असतात आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. देणगीदाराने पहिल्या नंबरासाठी पैसे दिलेले नसतात, प्रामाणिक कष्टासाठी दिलेले असतात. त्या कष्टाचा मोठा भाग फेरीच्या दिवसाआधीच करायचा असतो.