परसातल्या कोंबड्या : किती आणि कोणत्या



आज कोंबड्यांविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी आम्हाला कोंबड्या काय शिकवणार? खरे आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कोंबडी नाही असे घर शोधावे लागेल. पाहुणा आला, कोंबडी. देवाचे काही करायचे, कोंबडा. पोर तापाने फणफणले, दवाखान्याला पैसे नाहीत, की एक कोंबडी बाजारात. आपल्या घरची ती पेटीच आहे म्हणा ना!

पण अलीकडे नवी नवी नावे कानावर येतात. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कडकनाथ. गाडीवर जाळीच्या पेट्या बांधून पिल्ले विकणारे पाड्यावर येतात. कोणी सांगतो, शंभर घ्या, पैसाच पैसा! अशा वेळी दोन प्रश्न विचारायचे. कोणत्या घ्यायच्या? आणि किती घ्यायच्या? मी ‘किती’ हा प्रश्न आधी घेतो. कारण माणूस फसतो तो तिथेच.

मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाते. गावठी कोंबडी यातले पुष्कळसे आपले आपण मिळवते. किडे, वाळवी, गवताचे बी, खळ्यावर सांडलेले भात, घरातले खरकटे. संध्याकाळी थोडी कणी टाकली की तिचे भागते. आठ-दहा कोंबड्यांना परसात आणि बांधावर एवढे मिळते. पन्नास कोंबड्यांना मिळत नाही. परस तेच, किडे तेवढेच, आणि खाणारी तोंडे पाचपट. मग त्या शेजाऱ्याच्या वाडीत शिरतात. पेरलेले भात उकरतात. भांडण आपल्या दारात येते.

आता पाटी घ्या. हिशेब करू. शंभर कोंबड्या बांधून ठेवल्या आणि प्रत्येकीला १०० ग्रॅम दाणा घातला. दिवसाला किती झाला? १० किलो. महिन्याला ३०० किलो, म्हणजे तीन क्विंटल. आपल्या घरात महिन्याला एवढा तांदूळ शिजतो का? हा दाणा विकत आणावा लागणार. पिल्लू मोठे होऊन पहिले अंडे घालीपर्यंत पाच-सहा महिने जातात. तोवर येणे काही नाही, नुसते देणे. ज्याच्याजवळ शेड आहे, भांडवल आहे, वीज-पाणी आहे, त्याने हा धंदा जरूर करावा. धंदा वाईट नाही. पण कर्ज काढून परसात शंभर कोंबड्या भरणे, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट. सांभाळणार कोण? भात कापून झाले, दिवाळी सरली, की आपल्याकडची कितीतरी माणसे वीटभट्टीवर जातात. कोणी बोटीवर जातो, कोणी उंबरगाव-वापीकडे कामाला जातो. घरी राहते म्हातारी. मग कोंबड्या किती ठेवायच्या ते म्हातारीला विचारा. ती सांगेल तो आकडा खरा.

पुष्कळ घरी पिल्लांवर घार झडप घालते म्हणून राखणीला पोरगी घरी ठेवतात. मी शाळामास्तर, मला हे कसे आवडेल? आपल्या कोसबाडचीच गोष्ट घ्या. १९५७ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम बोर्डीहून कोसबाडला आले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पण कोंबडीच्या पिल्लांमागे शाळा कुठवर धावणार? त्यापेक्षा पहिले तीन आठवडे पिल्ले मोठ्या डालग्याखाली ठेवा. वर दगड ठेवा. आत कणी आणि उथळ ताटलीत पाणी द्या. घारीची भीती नाही, मुंगसाची कमी, आणि पोरगी शाळेत.

तेव्हा माझा आकडा असा : पाच-सहा माद्या आणि एक नर. ज्याचे परस मोठे आहे आणि घरी बारा महिने माणूस आहे, त्याने दहापर्यंत जावे. दहा माद्यांना एक नर पुरतो. जास्त नर ठेवले तर ते आपसांत भांडतात आणि दाणा फुकट खातात.

आता जातीकडे वळू.

आपली गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते. म्हणून शिकलेली माणसे तिला नावे ठेवतात. पण तिचे गुण पाहा. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. एकवीस दिवस अंड्यांवरून फारशी हलत नाही. पिल्ले निघाली की त्यांना पंखाखाली घेते, चरायला शिकवते, घार दिसली की ओरडते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. अंगाने हलकी, त्यामुळे रात्री झाडावर उडून बसते. बाजारात गावठी म्हटले की गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजते.

गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केली. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या संशोधन संस्थेने. परसात पाळण्यासाठीच त्या काढल्या आहेत. पिसे रंगीत, दिसायला गावठीसारख्या. गिरिराज आणि वनराज अंगाने भरतात, त्या मांसाला चांगल्या. ग्रामप्रिया अंड्यांना चांगली. गावठीच्या दुपटी-तिपटीने अंडी देते. पण दाणा मात्र हात राखून टाकला तर ही अंडी मिळत नाहीत. रोज प्रत्येकीला निदान ४०-५० ग्रॅम घरातून घालावेच लागते.

आणि एक मोठी अडचण आहे, बरं का. या जाती सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावठीखाली ठेवून उबवली, तरी त्या पिल्लांत आईचे सगळे गुण उतरत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्ले विकत आणणे आले.

म्हणून मला मिसळ बरी वाटते. चार माद्या गावठी, दोन ग्रामप्रिया. ग्रामप्रियाची अंडी घरात पोरांनी खावी. गर्भार बाईने खावी. अंडे विकून पोराला बिस्किट आणणे, हा कुठला हिशेब? गावठीची अंडी उबवायला ठेवावी. पिल्ले विकत घ्यायची झाली तर चार आठवड्यांची, लस टोचलेली घ्यावी. एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात, पण ऊब नसली तर पटापट मरतात. पावसाळ्यात तर घेऊच नयेत. ओलीने रक्ती हगवण लागते.

पांढरी लेगहॉर्न वर्षाला अडीचशेवर अंडी देते. पण ती पिंजऱ्यातली कोंबडी. परसात तिचा पांढरा रंग घारीला लांबून दिसतो. असील लढायला भारी, अंड्यांना कमी.

कडकनाथाची मात्र गोष्ट सांगितली पाहिजे. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, भिल्ल लोकांनी जपलेली जात. पिसे काळी, कातडी काळी, मांससुद्धा काळे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. जात अस्सल आहे, कणखर आहे. पण तिच्या नावाने काय झाले? पिल्ले आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे सांगून आपल्या राज्यात लोकांकडून पैसे घेतले. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे ते सगळे उघडकीला आले. शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये बुडाले. दोष कोंबडीचा नव्हे. पण जो माणूस पिल्लेही विकतो आणि मालही मीच घेईन म्हणतो, त्याच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी कागद वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

जात कोणतीही असो, मानमोडी सगळ्यांना सारखीच. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि आठ दिवसांत खुराडे रिकामे. यावर औषध नाही. लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुढच्या मात्रा केव्हा द्यायच्या ते जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या. कोसबाडच्या टेकडीवर कृषि विज्ञान केंद्र आहे, तिथेही माहिती मिळते. लस बर्फात ठेवून आणावी लागते. एक बाटली फोडली की शंभर किंवा जास्त पिल्लांना पुरते आणि थोड्याच वेळात वापरून संपवावी लागते. एका घराला ती परवडत नाही. पाड्यावरच्या दहा घरांनी एकाच दिवशी पिल्ले गोळा केली तर परवडते.

एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका. ओढ्यात टाकू नका. हात न लावता दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता. तेव्हा तिथे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

खुराड्याचे थोडक्यात. चार फूट रुंद, पाच फूट लांब खुराडे दहा कोंबड्यांना पुरते. जमिनीपासून हातभर उंच बांधा, म्हणजे पावसाची ओल येणार नाही. बांबूच्या कामट्या दाट लावा, मुंगसाचे डोके शिरता कामा नये. आत तूस पसरा, ओले झाले की बदला. काढलेले तूस वाडीला उत्तम खत.

आणि नर दर वर्षाला बदला. एकाच घरातला कोंबडा पिढ्यान्‌पिढ्या ठेवला तर पिल्ले खुरटी निघतात. त्याला पैसे लागत नाहीत. आपला चांगला कोंबडा दुसऱ्या पाड्यावरच्या सोयऱ्याला द्यावा, त्याचा आपण आणावा. लग्नकार्याला जाणे होतेच, तेव्हा डालग्यात घालून न्या.