संचित विजेची राखण

सूर्यप्रकाशापासून वीज मिळते, ही गोष्ट आता कोणाला नवलाची वाटत नाही. डोंगरकपारीतील पाडे, नदीमुखावरील बेटे, हिमालयातील उंचावरची गावे, जेथवर विजेचे खांब नेणे दुष्कर, अशा ठिकाणीही आज घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या दिसतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत अशा दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटच्या सौरपट्ट्या, बॅटरी, पाच दिवे आणि एक पंखा असा संच देण्याची तरतूद होती. परंतु सूर्य दिवसाचा आणि दिव्याची गरज रात्रीची! त्यामुळे या सगळ्या व्यवस्थेचा भार अखेर पडतो तो घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या बॅटरीवर. सौरपट्टी वीस-पंचवीस वर्षे काम देते. बॅटरीचे आयुष्य मुळातच त्याहून पुष्कळ कमी, आणि तेही बहुधा एका सवयीपायी आणखी आखूड होते. ती सवय म्हणजे बॅटरी पार रिती होईपर्यंत वापरणे.

यात बिघडते काय, ते पाहू. शिशाची बॅटरी १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लाच्या पातळ द्रावात बुडविलेल्या असतात. आपण वीज घेऊ लागलो की आम्लातील गंधकाचा अंश पट्ट्यांवर लेड सल्फेटच्या रूपाने बसतो आणि द्राव पाणचट होत जातो. बॅटरी पुन्हा भारित केली की तो थर विरघळतो. मात्र बॅटरी अगदी रिती करून तशीच ठेवली, तर या थराचे कठीण स्फटिक बनतात आणि ते मग सहजासहजी विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. हिमालयासारख्या थंड प्रदेशात आणखी एक संकट असते. पूर्ण भारित बॅटरीतील द्राव शून्याखाली पन्नास अंशांवरही गोठत नाही. पार रित्या बॅटरीतील द्राव शून्याखाली दहा अंशांच्या आसपासच गोठतो. लेहच्या हिवाळ्यात रात्री एवढी थंडी सहज पडते, आणि आतल्या बर्फाने बॅटरीचे कवच तडकू शकते.

हा घात टळावा म्हणून सौरपट्टी, बॅटरी आणि दिवे यांच्यामध्ये नियंत्रक नावाची एक लहानशी पेटी बसवितात. बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे सहा घट असतात. ती पूर्ण भारित आणि विसावलेली असताना तिचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास असतो. दिवे चालू असता तो उतरत उतरत सामान्यतः ११ ते ११.५ व्होल्टच्या दरम्यान आला की नियंत्रक दिव्यांची जोडणी तोडतो. भार दूर होताच दाब आपोआप थोडा वर चढतो. परंतु ही चढण फसवी असते. त्यामुळे बॅटरीत नवी वीज आलेली नसते. म्हणून नियंत्रक दिवे लगेच जोडीत नाही. उन्हाने बॅटरी पुरेशी भरून दाब साडेबारा व्होल्टच्या पुढे गेला, म्हणजेच तो दिव्यांना पुन्हा वाट देतो. असे अंतर राखले नसते, तर दिवा रात्रभर लागत-विझत राहिला असता.

आता घरधन्याच्या बाजूने विचार करा. मुलाचा अभ्यास चालू आहे, किंवा घरात कोणी आजारी आहे, आणि ऐन वेळी दिवा गेला. शेजारचा जाणता मनुष्य सांगतो, ‘पेटी बाजूला सारा आणि तार थेट बॅटरीला जोडा.’ तार जोडली जाते, दिवा लागतो आणि पेटीच बिघडली होती, असा सर्वांचा समज होतो. त्या रात्रीचा उजेड खरा असतो. पण अशा रात्री वारंवार आल्या की पुढे बॅटरी संध्याकाळही काढीनाशी होते. बॅटरीवर थेट जोडलेल्या इन्व्हर्टरनेही हेच घडू शकते, कारण नियंत्रकाचा त्याच्यावर ताबा नसतो. अशा वेळी इन्व्हर्टरची स्वतःची खालची मर्यादा योग्य ठेविलेली आहे ना, हे पाहावे लागते.

खरा उपाय हिशेबात आहे. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास वीज मावते. तीपैकी निम्मीच नित्य वापरावी. म्हणजे हाती राहिली ६०० वॅट-तास. नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास आणि चोवीस वॅटचा पंखा आठ तास चालविला, तर २८२ वॅट-तास खर्च होतात. पावसाळी आभाळाच्या दोन रात्री एवढ्यात निभावतात. त्यात साठ वॅटचा दूरचित्रवाणी संच पाच तास चालविला, की दोन रात्रींची शिदोरी एका रात्रीत संपते. आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या अधिक खोलवर वापरता येतात. पण मर्यादेखाली नेल्यास त्यांच्यातील तांबे विरघळू लागते आणि पुढे त्या भारित करणेही धोक्याचे ठरते. म्हणून त्यांच्या पोटातच संरक्षक यंत्रणा असते. तीही कोणी वगळू नये.

संच वाटला म्हणजे काम संपले, असे आम्हां शासकीय माणसांना पुष्कळदा वाटते. नोंदवहीत घर प्रकाशित झालेले असते. पण दिवा आपोआप का विझतो, हे त्या घरातील माणसांना त्यांच्या भाषेत सांगितलेले नसेल, तर तो संच अर्धाच दिला, असे म्हणावे लागेल. वस्तुतः ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत. कितीही ओढगस्त असली तरी कणगीतल्या बियाण्याला हात लावावयाचा नाही, हे तो पिढ्यान् पिढ्या पाळीत आला आहे. बॅटरीतील शेवटची वीज हे उद्याच्या उजेडाचे बियाणे आहे आणि ती लहानशी पेटी त्याची राखण करीत आहे, एवढे त्याला उमगले, म्हणजे तार थेट जोडण्यापूर्वी त्याचा हात आपोआप थांबेल.