सातारच्या पेठा : एक पायी फेरी



सातारकरांना सातारा दाखवायला उभे राहणे म्हणजे काशीच्या माणसाला गंगा दाखवण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या रस्त्याने माणूस रोज जातो, तोच रस्ता तो सर्वांत कमी पाहतो, असा सर्वत्र अनुभव आहे. आपल्याकडची मंडळी युरोपच्या सफरीवर जातात. पॅरिस, रोम, प्राग येथील जुन्या वस्त्यांतून हाती नकाशा घेऊन दिवसदिवस पायी हिंडतात, प्रत्येक कमानीखाली थांबतात, प्रत्येक कारंज्याचा इतिहास विचारतात. परत आल्यावर तीच मंडळी मोती चौकात स्कूटर न थांबवताच कंदी पेढ्यांचा पुडा घेतात आणि पुढे जातात! पुढ्यातल्या गावाला पाहुण्याचा मान द्यावा, हे आपल्याला सुचतच नाही. तेव्हा आज आम्ही तुम्हांस सातारच्या जुन्या पेठांतून एक फेरी घडवणार आहोत. अखेरीस एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवणार आहोत, तो असा की, पेठ वाचवायची म्हणजे नेमके काय वाचवायचे?

फेरीचा आरंभ राजवाड्यापासून करू. गोलबागेपाशी उभे राहून दक्षिणेकडे तोंड केले की अजिंक्यतारा समोर येतो. उजव्या हाताला, पश्चिमेस, यवतेश्वराचा डोंगर. सातारा शहर या किल्ल्याच्या उतारावर वसलेले आहे, आणि ही एक गोष्ट ध्यानात घेतली की शहराची सारी रचना उलगडू लागते. येथले मोठे रस्ते पूर्व-पश्चिम जातात, कारण ते उताराला आडवे आहेत. वरचा तो राजपथ, खालचा तो कर्मवीर पथ. परंतु बोलण्यात आजही "वरचा रस्ता" आणि "खालचा रस्ता" हेच शब्द येतात. या दोघांना जोडणारे बोळ मात्र चढाचे. बाहेरगावच्या सुनेला सातारा प्रथम कळतो तो गुडघ्यांनी, असे आम्ही म्हटले तर येथील भगिनी रागावणार नाहीत.

गड आधी आणि गाव मागून, असा येथला क्रम आहे. औरंगजेबाने १६९९ च्या डिसेंबरात या किल्ल्याला वेढा घातला. १७०० च्या एप्रिलात किल्ला त्याच्या हाती गेला, आणि त्याचे नाव आझमतारा झाले. पुढे तो मराठ्यांकडे परत आला. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी त्यांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. राजधानी झाली, म्हणजे राजाबरोबर कारकून आले, सरदार आले, सावकार आले, कासार, तांबट, सोनार आले. या सर्वांना गडावर जागा कुठली? तेव्हा गडाच्या पायथ्याशी पेठा बसल्या आणि शाहूनगर उभे राहिले.

पेठांची नावे एकदा सावकाश म्हणून पाहा. सोमवारपासून शनिवार-रविवारपर्यंत वार आहेतच. वारावरून पेठेचे नाव ठेवण्याची ही चाल पुण्यातही आहे. पण त्याखेरीज भवानी, सदाशिव, मल्हार, दुर्गा, व्यंकटपुरा, चिमणपुरा, राजसपुरा, यादोगोपाळ, प्रतापगंज, रामाचा गोट. कोणत्या नावात देव आहे, कोणत्या नावात माणूस आहे. गोट म्हणजे लष्कराची छावणी. छावणी उठून गेली, तंबू गेले, घोडे गेले, आणि टपालाच्या पत्त्यावर शब्द तेवढा राहिला. प्रतापगंज हे नाव प्रतापसिंह महाराजांचे. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवले आणि १८३९ मध्ये त्यांनीच गादीवरून उतरवून काशीस धाडले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तेथे झगडत राहिले. महाराज मात्र १८४७ मध्ये काशीतच वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू शहाजी निवर्तले आणि दत्तक नामंजूर करून कंपनीने राज्य खालसा केले. राजधानीचे गाव एका रात्रीत जिल्ह्याचे ठाणे झाले. राज्य बुडाले, पण पेठ बुडाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानांच्या फळ्या निघाल्याच असतील. पेठ राजासाठी वसते हे खरे. तथापि ती टिकते दुसऱ्याच आधारावर.

तो आधार कोणता, हे पाहण्यासाठी आता पाण्यामागून चालू. उतारावरच्या गावाला नदी उशाशी नसते. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम माहुलीस, गावाबाहेर, खाली. तेव्हा पाणी वरून आणावे लागले. यवतेश्वराच्या अंगाला महादरे आहे. तेथून खापरी नळांनी पाणी उतरवून ते पेठांतल्या हौदांत खेळवले. कमानी हौद, पंचपाळे हौद, मंगळवार तळे, मोती तळे ही नावे आपण आज थांब्यांची नावे म्हणून घेतो. वास्तविक ती एका पाणीपुरवठ्याची अंगे आहेत. या योजनेत पंप नाही, इंजिन नाही. वरून खाली येण्याची पाण्याची जी जात आहे, तिच्यावरच सारा हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासचा तलाव झाला, तोही याच तत्त्वावर, आणि आजही शहराच्या मोठ्या भागाला कासचे पाणी मिळते. अलीकडे त्या धरणाची उंचीही वाढवली आहे. हौदाभोवती पेठ बसली, कारण घागर डोक्यावर घेऊन किती लांब जाता येईल यावर घरे किती लांब बांधावी हे ठरत असे.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे पाणी सर्वांचे नव्हते. याच राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासन तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणच्या शाळेविषयी पुढे लिहून ठेवले आहे. बसायला घरून आणलेले तरटाचे बसकण. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. जुन्या पेठेचे गुणगान करणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. पेठेने माणसे जवळ आणली, आणि त्याच वेळी कोणी किती जवळ यावे याच्या रेघाही ओढल्या. म्हणून जुने तेवढे सारे जपा, असे सांगायला आम्ही आलेलो नाही.

आता कृष्णेच्या काठाने खाली सांगलीस जाऊ, म्हणजे तुलनेने मुद्दा स्पष्ट होईल. साताऱ्याला पाणी बोलवावे लागते. सांगलीला ते न बोलावता येते. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीस राजधानी केली. गणेशदुर्ग बांधला, खंदक खणला, नदीकाठी गणपतीचे देवालय उभारले आणि व्यापाऱ्यांना आणून वसवले. गणपती पेठ, गावभाग, मारुती चौक, हरभट रस्ता ही त्या जुन्या सांगलीची अंगे. याच संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' रंगवले आणि मराठी रंगभूमीचा दिवस ठरला. हळदीचा व्यापार येथे वाढला, त्याला जवळच्या हरिपूरच्या जमिनीची साथ होती. तेथे खोल पेवे खणून हळद भरत. पेवात हळद वर्षानुवर्षे टिके, रंग उतरत नसे, कीड लागत नसे. पण २००५ च्या महापुराने त्या पेवांची दैना केली. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली आणि गणपती पेठेतली दुकाने पाण्यात बुडाली. हळदीचे सौदे मार्केट यार्डात गेलेच होते. ज्यांना शक्य झाले त्यांची बिऱ्हाडेही विश्रामबागेकडे सरकली.

साताऱ्यात पूर नाही, तरी बिऱ्हाडे सरकतातच. शाहूपुरी, विलासपूर या बाजूंना घरे वाढली. २०२० मध्ये नगरपालिकेची हद्दही वाढली. पेठेतला वाडा मात्र रिकामा पडतो. तो का पडतो, याचे कारण इतिहासात शोधण्याचे प्रयोजन नाही. ते सातबाराच्या आणि भाडेपावतीच्या कागदात आहे. वाड्याला वारस पंधरा-वीस. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी परदेशी. सही एकाची राहिली तरी काम अडते. भाडेकरू तीन पिढ्यांचा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडे गोठले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मुळात दहा-वीस रुपयांचे भाडे असेल तर त्यावर चार टक्के म्हणजे किती? त्या पैशांत कौलही बदलत नाही. मालक म्हणतो, मी दुरुस्ती का करू? भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या घराला मी पैसे का घालू? दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि दोघांच्या मध्ये तुळई कुजते आहे. मग एका पावसाळ्यात भिंत बसते, पाठोपाठ विकासक येतो, आणि जेथे चौक होता तेथे वाहनतळ होतो.

ही अडचण केवळ आपली नाही. पॅरिसमध्ये मारे नावाचा जुना भाग आहे. १६१२ मध्ये तेथे राजचौक झाला, उमरावांनी हवेल्या बांधल्या. पुढे उमराव निघून गेले आणि एकोणिसाव्या शतकात त्या हवेल्यांच्या चौकांत कारागिरांची दुकाने भरली. १९६२ मध्ये मंत्री आंद्रे मालरो यांनी कायदा करून असे भाग संरक्षित केले. हवेल्या वाचल्या, दगड उजळले. परंतु चौकांतली छपरे "मूळची नव्हेत" म्हणून काढली गेली, घरांच्या किमती चढल्या आणि कारागीर उठले. इटलीतल्या बोलोन्या शहराने निराळा विचार केला. १९६९ ची त्यांची योजना आणि १९७३ चा त्यांचा घरबांधणीचा कार्यक्रम यांचे सूत्र असे की, घराबरोबर घरातले कुटुंबही जपायचे. दुरुस्ती चालू असताना जवळच तात्पुरती जागा द्यायची, आणि काम संपल्यावर परवडेल अशा भाड्याने त्याच गल्लीत परत आणायचे. सर्व काही त्यांना साधले असे नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. पेठेत वाचवण्याजोगे काय आहे? केवळ नक्षीचे खांब म्हणाल, तर ते उचलून संग्रहालयातही ठेवता येतील. आमच्या मते वाचवायचे ते हे की, खाली दुकान व वर बिऱ्हाड असते. शाळा, वाचनालय, देऊळ, दवाखाना, किराणा हे सारे म्हाताऱ्या माणसाला काठी टेकत गाठता येते. आणि संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या चार माणसांना गल्लीतून कोण गेले हे कळते. हा जवळपणा एकदा मोडला की मागून नकाशावर आखून मिळत नाही. आणि तो जपताना जुन्या रेघा मात्र पुसून टाकायच्या आहेत. हौद सर्वांचा झाला तरच तो जपण्याच्या लायकीचा.

यासाठी तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. एक, प्रत्येक हौद, तळे आणि खापरी नळाची वाट नकाशावर नोंदवावी आणि रस्ता खणण्यापूर्वी तो नकाशा पाहावा. दोन, वाडा पाडण्याची परवानगी जितकी सुलभ, त्याहून दुरुस्तीची परवानगी सुलभ असावी. आणि मालक व भाडेकरू यांनी मिळून केलेल्या दुरुस्तीला घरपट्टीत सूट मिळावी. तीन, प्रत्येक शाळेने वर्षातून एक दिवस मुलांना पेठांतून पायी हिंडवावे, आणि ७ नोव्हेंबरला राजवाड्याच्या दारात उभे करून त्या पाण्याची गोष्टही सांगावी. यांपैकी तिसऱ्या गोष्टीला कोणाचीच मंजुरी लागत नाही. ती येत्या जूनपासून सुरू करता येईल.

सातारा आणि सांगली ही लहान गावे आहेत, पॅरिसशी त्यांची बरोबरी कशाला, असे कोणी म्हणेल. लहान गावाची एक सोय असते, श्रोतेहो. येथे वाड्याचे पंधरा वारस कोण, हे गल्लीतल्या कोणालाही विचारले तरी कळते, आणि भाडेकरूही त्यांना नावाने ओळखतो. कोर्टात वीस वर्षे जे सुटत नाही, ते अशा ठिकाणी ओट्यावर बसून सुटण्याचा संभव अजून आहे. ही ओळख जिवंत असलेली कदाचित आपली शेवटचीच पिढी असेल. तेव्हा ज्यांचा पेठेत वाडा आहे, त्यांनी या सुटीत भाऊबंदांना आणि भाडेकरूंना एकदा एकत्र बसवावे, एवढीच आमची विनंती आहे.