जुन्या-नव्यांचे बोलणे



आज तुमच्याशी एका जुन्या वादाविषयी बोलायचे आहे. वाद पुण्या-मुंबईचा, आणि थोरामोठ्यांचा. तेव्हा आधी आपल्या खेड्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे त्या वादाशी आपले काय नाते आहे ते ध्यानात येईल.

माणदेशातल्या एका गावी मी शिक्षक होतो. एके दिवशी शाळा सुटल्यावर एक म्हातारे शेतकरी शाळेच्या ओट्यावर येऊन टेकले. त्यांचा नातू सातवी होऊन तालुक्याच्या हायस्कुलात गेला होता. मला वाटले, बाबा आनंद सांगायला आले. ते म्हणाले, "गुरुजी, तुमची शाळा चांगली हाय. पर पोरगं शिकलं आन् आमचं ऱ्हायलं न्हाई बघा. कुठल्या नक्षत्राला काय पेरायचं, ते त्याला ठावं न्हाई. बरं, ठावं न्हाई याची लाज बी न्हाई."

मी तेव्हा तरुण होतो. मला हसू आले. "अहो बाबा, नक्षत्रांचे दिवस गेले आता," असे काहीसे मी बोललो. बाबांनी मुंडासे सारखे केले आणि ते काही न बोलता उठून गेले.

ते उठून गेले, यात माझे काय गेले, हे मला पुढे कळले. ते शेवटी सांगेन. तूर्त एवढेच लक्षात ठेवा, की जुने राखावे की नवे घ्यावे, हा प्रश्न पुस्तकात सुरू होत नाही. तो शाळेच्या ओट्यावर सुरू होतो.

आता वळू या आपल्या दोन थोर माणसांकडे. गोपाळ गणेश आगरकर जन्मले १४ जुलै १८५६ रोजी, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी. बाळ गंगाधर टिळक जन्मले त्याच वर्षी २३ जुलैला, रत्नागिरीस. दोघांच्या वयात अवघे नऊ दिवसांचे अंतर! पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची गाठ पडली. शिकून सवरून सरकारी चाकरी धरायची नाही, आयुष्य शिक्षणाला द्यायचे, असा दोघांनी निश्चय केला. घरचे दारिद्र्य सोसून शिकलेल्या आगरकरांनी आपल्या आईला तसे पत्रच लिहिले, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले. टिळक आरंभापासून त्यात होते, आगरकर वर्षभराने आले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर.

पुढच्याच वर्षी दोघे तुरुंगात गेले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे, अशी वार्ता होती. त्या प्रकरणी जी पत्रे त्यांनी विश्वासाने छापली, ती बनावट ठरली. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी बदनामीचा खटला भरला आणि जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांची हकिकत पुस्तकरूपाने लिहिली. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या भाषांतराचे कामही त्यांनी तेथे केले.

दोन सव्वीस वर्षांचे मित्र, दोघे शिक्षक, दोघेही बोलण्यात हार न जाणारे, आणि वेळ भरपूर. त्यांचे बोलणे कशाविषयी होत असेल, ते त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून आपल्याला कळते. देश पडला आहे, तो उठवायचा, यावर एकमत. शिक्षणावाचून उठणार नाही, यावरही एकमत. मग मतभेद कुठे होता?

तो होता असा. टिळकांचे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर, समाज म्हणजे काही मोडकी भिंत नव्हे, की आले मनात आणि पाडली. रूढी एका माणसाने एका दिवसात केलेली नसते. तिच्यात पुष्कळ पिढ्यांचा अनुभव असतो. ती बदलायला हवी तर समाजाने शिकावे, समजावे आणि आपल्या हाताने बदलावी. परक्या सरकारने कायदा करून ती बदलू नये. कारण आज घरात शिरलेला परका उद्या कुठवर येईल, याचा नेम नाही. शिवाय आधीच पारतंत्र्याने खचलेल्या लोकांना त्यांचे सारेच वाईट म्हणून सांगितले, तर ते उभे कशाच्या बळावर राहणार?

हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आमचे माणदेशातले बाबा निराळ्या शब्दांत तेच सांगत होते.

आगरकरांचे उत्तरही तितकेच जोरकस होते. रूढी जुनी आहे, एवढ्याने ती खरी ठरत नाही. तिला विवेकाच्या कसोटीवर घासून पाहिलीच पाहिजे. आणि समाज आपण होऊन सुधारेल म्हणून थांबायचे, तर आज जी बालविधवा कोपऱ्यात बसली आहे तिने कुठवर थांबायचे? तिचे आयुष्य तर आजच जाते आहे.

पण गंमत पाहा. आपण एकाला सनातनी आणि दुसऱ्याला सुधारक म्हणून मोकळे होतो. माणसे इतकी सोपी नसतात. जुन्याचा कैवार घेणारे टिळक गणिताचे उत्तम शिक्षक होते आणि छापखाना, वर्तमानपत्र, इंग्रजी शाळा ही सारी नवी साधने त्यांनी हाती घेतली. रूढीवर घाव घालणाऱ्या आगरकरांनी मराठी वाक्यरचनेवर 'वाक्यमीमांसा' लिहिली, आणि आपली मूळ प्रकृती न सोडता पाश्चात्य विद्या पचवावी, असेच लोकांना सांगितले. म्हणजे दोघांनाही काही राखायचे होते आणि दोघांनाही काही बदलायचे होते. काय राखायचे आणि कोणत्या वाटेने बदलायचे, एवढाच वाद होता. पण तो 'एवढाच' वाद फार मोठा निघाला.

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. मुलींनी काय शिकावे, किती वेळ शिकावे, इंग्रजी शिकावे की नाही, यावर रण माजले. टिळकांचा कल असा, की मुलींचे शिक्षण संसाराला धरून असावे. आगरकर म्हणत, मुलांना जे शिकवता तेच मुलींना शिकवा, आणि एकत्र शिकवा. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. मग आले संमतिवयाचे बिल. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर न्यायचे, असा तो कायदा. १८९१ साली तो झाला. आगरकरांनी त्याला पाठिंबा दिला, टिळकांनी विरोध केला. पण विरोध करताना टिळकांनी उलट सुचवले होते, की सुधारकांनी स्वतःच आपणास बांधून घ्यावे: मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत करायचे नाही, मुलाचे वीस वर्षांच्या आत नाही. कायदा मागत होता बारा, आणि कायद्याचा विरोधक म्हणत होता, सोळा पाळा! फरक हा, की एकाला सरकारची सक्ती चालत होती, दुसऱ्याला ती चालत नव्हती. मात्र स्वखुशीच्या या वाटेत एक उणीव होती. जो बापच बांधून घेणार नाही, त्याच्या मुलीला तिने काहीच आधार मिळत नव्हता.

आता डोंगरीच्या तुरुंगाकडे परत येऊ, कारण तेथली एक गोष्ट सांगायची राहिली. या खटल्यात दोघांना जामीन हवा होता, तेव्हा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे जामीन राहिले. टिळक-आगरकर सुटले २६ ऑक्टोबर १८८२ रोजी. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १९ ऑक्टोबरला, जोतीरावांनी पुण्यात एक निवेदन लिहून पुरे केले. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले होते, त्याच्यापुढे ते ठेवायचे होते.

शिक्षकमित्रांनो, हे निवेदन तुम्ही मिळवून वाचा. ते तुमच्याविषयी आहे. जोतीराव सांगतात, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करा. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातले असावेत. नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला न लाजणारे, गावच्या लोकांत मिसळणारे असावेत. त्यांना निदान बारा रुपये पगार द्या, मोठ्या गावी पंधरा-वीस द्या. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य शिकवा.

आता या निवेदनाच्या शेजारी माझ्या ओट्यावरचे ते बाबा उभे करा. जोतीराव तर रूढीचे कट्टर विरोधक. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून सावित्रीबाईंसह त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतलेला. तरीही शाळेने शेतकऱ्याच्या कामाला पाठ दाखवू नये, ही बाबांची तक्रार त्यांनी कितीतरी आधी कमिशनपुढे नेली होती. असे का झाले? टिळक-आगरकरांच्या वादात शहाणपण भरपूर होते, पण त्या खोलीत शेतकरी नव्हता आणि बाईही नव्हती. त्यांच्याविषयी बोलणे चालले होते. त्यांच्याशी चालले नव्हते. मला वाटते, परंपरेच्या प्रश्नात पहिली विचारपूस हीच करावी, की काय राखायचे ते ठरवायला कोण कोण बसले आहे, आणि कोणाला बाहेर ठेवले आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८९७ मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत पुनरुज्जीवनवाद्यांना असाच पेच घातला होता. जुने परत आणा म्हणता, पण कुठले जुने? जुन्यातही काळ अनेक, चाली अनेक. नियोग आणायचा, की सती आणायची? मेलेले परत येत नाही. जुने सामान घेऊन नवी घडण करावी लागते, असे त्यांचे सांगणे. परंपरेचा खरा अभिमानी तिची निवड करीतच असतो. तो फक्त तसे कबूल करीत नाही, इतकेच.

आणि घडण झालीच की! १८९० अखेर टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. त्या भांडणात सुधारणेइतकाच पैशाच्या आणि नियमांच्या मतभेदांचाही भाग होता. फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा मोकळी झाली, आणि त्या जागी १८९१ मध्ये आले धोंडो केशव कर्वे. टिळकांच्या फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या या गृहस्थांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. इकडे सातारा जिल्ह्यात, आगरकरांच्या टेंभूच्या त्याच कऱ्हाड भागात, काले गावी, भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली. श्रम करून शिकायचे, ही तिची रीत. आणि सक्तीच्या शिक्षणाचे म्हणाल, तर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. जोतीरावांच्या निवेदनानंतर १२७ वर्षांनी!

आगरकर फार जगले नाहीत. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांनी पाहिली. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते गेले. तेव्हा 'केसरी'तला मृत्युलेख सांगताना टिळकांच्या डोळ्यांना धार लागली होती, असे सांगतात. वाद लेखणीने पुरेपूर केला, कठोरही केला. पण आतला मित्र उरला होता.

आता माझी राहिलेली गोष्ट. त्या बाबांची एक नात होती. चौथीत होती, हुशार होती. चौथीनंतर तिचे नाव काढायचे ठरले. मी धावत त्यांच्या घरी गेलो. पुष्कळ सांगितले. बाबांनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "त्या दिशी तुमी हसला व्हता, गुरुजी." मग मला पुढे बोलताच आले नाही. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.

नक्षत्रांच्या बाबतीत बाबांचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. नातीच्या बाबतीत ते चुकत होते. पण त्यांचे खरे मी ऐकले नाही, म्हणून त्यांचे चुकीचे सांगायचा माझा अधिकार गेला. आणि किंमत कोणी दिली? मी नाही, बाबांनीही नाही. त्या पोरीने दिली.

म्हणून गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना माझे एवढेच सांगणे आहे. महिन्यातून एक संध्याकाळ शाळेचा ओटा गावासाठी मोकळा ठेवा. जुन्या माणसांना बोलवा. पेरणी, पाणी, बियाणे, जात्यावरच्या ओव्या, जे त्यांना येते ते मुलांना सांगू द्या. मुलांनी ते वहीत उतरून घ्यावे आणि विज्ञानाच्या तासाला तपासून पाहावे. टिकेल ते ठेवावे. पण त्या बैठकीत बायकांना आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना पुढे बसवा. 'आमची रीत' म्हणून कोणी काही सांगू लागला, तर ती रीत ज्याला सोसावी लागली त्यालाही तिथेच बोलू द्या.

आणि शेतकरी बांधवांनो, गुरुजी हसले तर उठून जाऊ नका. बसा, आणि त्यांना पुन्हा एकदा सांगा. तुमची नात शाळेत असेल, तर तिच्यासाठी तरी बसा.