प्रथिने, आर.एन.ए. आणि संशोधनातील उमेदवारी



घरातील मुलाने अथवा मुलीने पीएच.डी. संपादन केली की वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "आता कायमची नोकरी केव्हा?" उत्तरादाखल दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या संशोधनपदाचे नाव ऐकले म्हणजे त्यांचा विरस होतो. इतके शिकून पुन्हा उमेदवारीच करावयाची काय, असे त्यांना वाटते. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका संशोधकाच्या जीवनक्रमातून मिळू शकेल.

वेंकटरमण रामकृष्णन यांचा जन्म १९५२ मध्ये चिदंबरम येथे झाला. त्यांचे शिक्षण बडोद्यास झाले. ज्या महाराजा सयाजीराव गायकवाडांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठातून १९७१ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाने १९७६ मध्ये त्यांना त्याच विषयात पीएच.डी. दिली. परंतु आपले मन जीवशास्त्राकडे ओढ घेत आहे, हे त्यांनी ओळखले आणि हाती पदवी असतानाही ते कॅलिफोर्नियात पुन्हा विद्यार्थी म्हणून जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. १९७८ मध्ये येल विद्यापीठात पीटर मूर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पीएच.डी.नंतरच्या संशोधकाचे तात्पुरते पद स्वीकारले. तेथे त्यांच्या वाट्यास आलेला विषय होता रिबोसोम.

रिबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिनांचा कारखाना. जनुकांतील आदेश आर.एन.ए.च्या रूपाने येथे येतो आणि त्यानुसार अमिनो आम्लांची साखळी गुंफली जाते. हा कारखाना स्वतःही आर.एन.ए. आणि प्रथिने यांचाच घडलेला असतो. जिवाणूंच्या रिबोसोमचे दोन भाग असतात. त्यांतील लहान भागात सुमारे दीड हजार घटकांचा एक लांब आर.एन.ए. रेणू असून त्याला एकवीस प्रथिने बिलगलेली असतात. कोणते प्रथिन कोठे बसते, हे साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसणे शक्य नव्हते.

येलमधील पद्धत मोठी कल्पक होती. जड पाण्यात वाढविलेल्या जिवाणूंपासून दोन प्रथिने घ्यावयाची आणि बाकीच्या साध्या भागांशी त्यांची जुळणी करून रिबोसोमचा लहान भाग पुन्हा उभा करावयाचा. न्यूट्रॉनांच्या झोतात ही दोनच प्रथिने वेगळी उठून दिसत आणि त्यांमधील अंतर मोजता येई. अशी जोडी-जोडीने अंतरे मोजीत, गावातील घरांचा नकाशा काढावा तसा एकवीस प्रथिनांचा नकाशा तयार झाला. तो १९८७ मध्ये पूर्णत्वास गेला. रामकृष्णन तोपर्यंत येल सोडून गेलेले होते.

मधला काळ सुखाचा नव्हता. अध्यापकपदासाठी त्यांनी सुमारे पन्नास ठिकाणी अर्ज केले, तथापि यश आले नाही. पुढे ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत ते स्थिरावले. न्यूट्रॉनांच्या नकाशात प्रथिनांच्या जागा कळतात, पण अणूंची मांडणी कळत नाही, ही उणीव त्यांना जाणवत होती. म्हणून प्रस्थापित संशोधक असतानाही १९९१ मध्ये केंब्रिजला जाऊन त्यांनी स्फटिकांवरील क्ष-किरण तंत्राचे धडे घेतले. ही दुसरी उमेदवारी होय.

तिचे फळ २००० साली दिसले. उष्ण झऱ्यांत वाढणाऱ्या एका जिवाणूच्या रिबोसोमच्या लहान भागाची अणुपातळीवरील संरचना त्यांच्या केंब्रिजमधील गटाने प्रसिद्ध केली. या गटातही विद्यार्थी आणि तात्पुरत्या पदांवरील तरुण संशोधकांचे परिश्रम मोठे होते. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना मिळून देण्यात आले.

या ज्ञानाचा सामान्य माणसास काय उपयोग, असा प्रश्न साहजिक आहे. क्षयरोगावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक असलेले स्ट्रेप्टोमायसिन याच लहान भागात जाऊन बसते. आर.एन.ए.च्या घड्यांमध्ये ते जखडून राहते आणि एस-१२ नावाच्या प्रथिनाशीही त्याचा संपर्क येतो. या प्रथिनात अथवा आर.एन.ए.मध्ये किंचित बदल झाला तर औषध जिवाणूस लागू पडेनासे होते. ज्या देशात क्षयरोग अद्याप हटलेला नाही, त्या देशास प्रथिन आणि आर.एन.ए. यांच्या या संबंधाचा अभ्यास परका वाटण्याचे कारण नाही. कुलूप नीट पाहिल्याखेरीज नवी किल्ली घडविता येत नाही.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयसर आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था यांमध्ये रेणूंच्या संरचनेचे संशोधन चालते. पीएच.डी. झालेल्यांसाठी केंद्र सरकारची दोन वर्षांची राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही आहे. मात्र असे पद स्वीकारताना केवळ संस्थेचे नाव पाहू नये. आपणास न येणारे कोणते तंत्र येथे शिकता येईल, मार्गदर्शक स्वतंत्र विचारास वाव देतो काय आणि मुदत संपल्यावर पुढील वाट कोणती, हे आधी विचारून घ्यावे. प्रत्येकास पारितोषिक मिळत नाही आणि प्रत्येकाचा संसार अनिश्चितता सोसू शकत नाही. म्हणून अशा तरुणांना वेळेवर वेतन आणि पुढे स्थैर्य मिळवून देणे, ही समाजाचीही जबाबदारी ठरते.

उमेदवारी म्हणजे काळाचा अपव्यय नव्हे. सुताराचा मुलगा रंधा हाती धरण्यापूर्वी लाकडाची जात ओळखावयास शिकतो. विज्ञानातही तेच आहे. पदवी हाती आल्यानंतर पुन्हा शिकावयास बसण्याची तयारी ज्यांच्या अंगी आहे, त्यांच्या घरच्यांनी थोडा धीर धरावा, एवढेच या प्रसंगी सांगणे आहे.