गार फरशीची गोष्ट



सकाळच्या परिसंवादात एका वक्त्यांनी बजावलं की युद्ध हा सरकारचा आणि सैन्याचा विषय, साहित्यिकांनी त्यात नाक खुपसू नये. मला हे साफ अमान्य आहे. युद्धाला लोकांची संमती लागते आणि ती गोष्टी रचून मिळवतात. रचणं हा तर आपला धंदा!

१० ऑक्टोबर १९९०, वॉशिंग्टन. अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी चालवलेल्या मानवी हक्क मंचापुढे पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी उभी राहिली. नाव फक्त नायिरा. घरच्यांच्या जिवाला धोका, म्हणून आडनाव गुपित. रडत रडत तिने सांगितलं की इराकी शिपाई बंदुका घेऊन कुवेतमधल्या रुग्णालयात घुसले, बाळांना काचेच्या पेट्यांतून काढलं आणि गार फरशीवर मरायला टाकलं.

तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष थोरले बुशसाहेब यांनी ही हकिकत भाषणांतून वारंवार घोळवली. सिनेटरांनीही तिचा दाखला दिला. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी इराकविरुद्धच्या युद्धाला परवानगी दिली. मग वर्षभराने पत्रकार जॉन मॅकार्थर यांनी उघड केलं, की ही पोर कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची लेक! तिची तयारी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने करून घेतलेली, कुवेती पैशावर. साक्ष शपथेवर नव्हतीच, कारण तो मंच अधिकृत समिती नव्हता. आणि पेट्यांच्या कहाणीला चौकशीत विश्वासार्ह पुरावा सापडला नाही.

इराकने कुवेत गिळला होता हे खरं. तिथे खून पडले, माणसांचा छळ झाला, हेही खरं. एवढा खरा गुन्हा हाताशी असताना रचलेला कशाला लागला? कारण सीमा, सार्वभौमत्व, तेल यांनी कुणाचे डोळे भरून येत नाहीत. गार फरशीने येतात. हा कथाकाराचा तपशील आहे. आपल्या कथाशिबिरांत नवोदितांना आपण हेच तर शिकवतो. साधा वाचक ऐकून रडला तर त्याला मी बोल लावणार नाही. तुम्हाला लावीन, कारण तुम्हाला शिवण दिसते.

आणि हे अमेरिकेतच घडतं असं समजून खूश होऊ नका. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात एका रात्री आपल्या वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकलं. बंदर जागच्या जागी होतं. त्या रात्री आपल्यातल्या किती कवींनी वीररसाचे हंडे उपसले, ते मी विचारत नाही. सकाळी दुरुस्ती कितीजणांनी टाकली, तेवढं सांगा.

स्वागताध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दाखवू द्या. सैनिक सीमेवर असताना शंका काढणं हा त्याचा अपमान, असं पुढच्या रांगेतून आत्ताच कुणी पुटपुटलं. अहो, त्याला मरायला पाठवण्याआधी कारण तपासायचं नाही, तर कधी? तेराव्याला?

संध्याकाळच्या ठरावांच्या यादीत ग्रंथालयांचं अनुदान आहे, संमेलनगीत आहे. तिथे माझा एक ठराव घाला: युद्धाच्या दिवसांत कानावर येणाऱ्या प्रत्येक हकिकतीला ही संस्था जाहीरपणे विचारील, सांगणारा कोण, पाहिलं कुणी आणि खर्च कुणाचा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी मागून कुजबुजू नये. इथे व्यासपीठावर यावं, ध्वनिक्षेपक मी स्वतः हातात देतो.