पावती कुठं गेली?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका सभासदाने केलेले भाषण)



सचिवसाहेब म्हणाले, "सोसायटीचं अ‍ॅप तुम्ही केलंय, दोन शब्द बोला." मी त्या अ‍ॅपचं कौतुक सांगणार नाही. त्यात माझ्या हातून झालेली चूक सांगणार आहे, कारण तिचा त्रास आपल्यातल्या एका आजींना झाला.

आपण नांदेडात राहत असलो, तरी बहुतेकांची थोडीफार जमीन गावाकडं आहे. सातबारा सगळ्यांना ठाऊक. नमुना ७ सांगतो जमीन कुणाची, नमुना १२ सांगतो त्यात पीक कोणतं. या दोघांना जोडतो तो गट नंबर. नुसतं "सोयाबीन, दोन एकर" लिहिलं आणि गट नंबरच नसला, तर ती नोंद काय कामाची?

अ‍ॅपचंही तसंच आहे. फोनच्या आत एसक्यूलाइट नावाची नोंदवही असते. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली तयार केली. आज ती प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये आहे. आपल्या अ‍ॅपनं तिच्यात दोन तक्ते केले. एक सभासदांचा, दुसरा वर्गणीच्या पावत्यांचा. प्रत्येक पावतीवर सभासद रजिस्टरमधला क्रमांक. फ्लॅट नंबर मुद्दाम घेतला नाही, कारण फ्लॅट विकला की जुन्या मालकाच्या पावत्या नव्या मालकाच्या नावावर दिसल्या असत्या.

इथवर सगळं ठीक होतं. एकदा खजिनदारांनी पार्किंगमध्ये आजींकडून रोख वर्गणी घेतली, कागदी पावती फाडून दिली आणि फोनमध्येही नोंद केली. खाली रेंज नव्हती, म्हणून नोंद सर्व्हरवर गेली नाही. दुसऱ्या दिवशी ते लातूरला लग्नाला गेले. तिथं अ‍ॅप उघडलं आणि सभासदांची ताजी यादी फोनमध्ये उतरली.

यादी जतन करण्यासाठी मी "जुन्याच्या जागी नवी ओळ ठेव" असा आदेश लिहिला होता. मला वाटलं, आहे ती ओळ दुरुस्त होईल. पण एसक्यूलाइट या आदेशावर आधी जुनी ओळ खोडतं, मग नवी लिहितं. आणि सभासद खोडला तर त्याच्या पावत्याही खोडायच्या, हे मीच सांगून ठेवलेलं! सगळ्यांच्या पावत्या पुसल्या गेल्या. सर्व्हरवरच्या लगेच परत उतरल्या, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आजींची तेवढी कायमची गेली.

महिनाअखेरीस थकबाकीची यादी बोर्डावर लागली आणि तिच्यात आजींचं नाव. ज्यांनी कधी एक हप्ता चुकवला नाही, त्यांचं! आजी भांडल्या नाहीत. गणपतीच्या आरतीला मात्र खाली आल्या नाहीत. इकडं खजिनदारांबद्दलही कुजबुज सुरू झाली. शेवटी पावतीपुस्तकातल्या कार्बन प्रतीनं दोघांची अब्रू राखली.

आता मी चार गोष्टी बदलल्या. आधी फोनमधलं वर जातं, मगच नवं खाली उतरतं. ओळ असेल तर तीच दुरुस्त होते, नसेल तरच नवी लिहिली जाते. आधी सभासद, मग त्याच्या पावत्या, हा क्रम पक्का केला. आणि हे सगळं एका दमात होतं. मध्येच नेट गेलं, तर अर्धवट काही राहत नाही, पहिलं होतं तसंच राहतं.

तुमच्यासाठीही यात एक गोष्ट आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शिवारात रेंज नसली, तरी पिकाचा फोटो आणि नोंद फोनमध्ये राहते. पण रेंज आल्यावर ती अपलोड करावी लागते. तोवर ती फक्त तुमच्या फोनमध्ये आहे, तलाठ्याच्या दप्तरी नाही. तेव्हा कोणतंही अ‍ॅप असो, "जतन झाले" वाचून थांबू नका. "अपलोड झाले" दिसेपर्यंत बघा.

आजी, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसलात. तुमची घरी येऊन माफी मागितली होती, आज सर्वांसमोर मागतो. आणि कमिटीला विनंती, अ‍ॅप कितीही सुधारलं तरी कार्बनचं पावतीपुस्तक बंद करू नका.